मूळ नक्षत्रावरचं बाळ आणि थीब्जचा राजा

"पत्रिकेत सांगितलेलं टळतं का हो?" मी समुपदेशक आहे; हा प्रश्न माझ्यासमोरच्या खुर्चीत वर्षातून कितीतरी वेळा येऊन बसतो. कधी लग्नाच्या मुलीचा मंगळ असतो, कधी साडेसाती, कधी कुणी हात बघून सांगितलेलं मरणाचं वय. त्यातली एकच हकिकत इथे सांगते, त्या गृहस्थांच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून. त्यांनी हा प्रश्न आणला तो जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाटकातून.

ते महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात. बायकोनं ओढूनच आणलं होतं. मुलगा सात महिन्यांचा, मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावरचा. असं मूल वडिलांना वाईट, ही समजूत आपल्याकडे किती खोलवर आहे ते वेगळं सांगायला नको. सत्ताविसाव्या दिवशी शांत केली. तोवर बापानं बाळाचं तोंड पाहिलं नव्हतं. शांतीच्या दिवशी आधी तुपात प्रतिबिंब पाहिलं, मग बाळ. "आईच्या समाधानासाठी केलं, माझा विश्वास नाही," असं ते मला दोनदा म्हणाले. पुढच्याच महिन्यात पावसात त्यांची गाडी घसरली आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. भेटायला आलेल्या एका नातेवाइकानं उशाशी बसून सांगितलं, "पहिला चरण आहे, जपून राहा."

हाड जुळलं. पण त्या हातांनी त्यांनी बाळाला उचललं नाही. आधी खांदा दुखतो म्हणून, मग सवय नाही म्हणून. दुधाची बाटली ते भरायचे आणि बायकोच्या हातात द्यायचे. बाळ रडलं की आईला हाक मारायचे. "मानत नाही मी हे, मॅडम. पण हात पुढे होत नाहीत."

आणि त्याच सत्रात त्यांना सोफोक्लिसचा 'राजा इडिपस' शिकवायचा होता.

गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. मराठीत पु. ल. देशपांड्यांनी ती 'राजा ओयदिपौस' या नावानं आणली. थीब्ज या ग्रीक नगराच्या लायस राजाला अपोलो देवाचं भाकीत मिळतं, की तुझ्या मुलाच्या हातून तुला मरण आहे. तो तान्ह्या मुलाला डोंगरावर टाकायला देतो. धनगराला दया येते, मूल कॉरिंथच्या राजवाड्यात इडिपस म्हणून वाढतं. मोठेपणी त्याला डेल्फीला, अपोलोच्या देवळात, कळतं, की तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. कॉरिंथचे राजाराणी हेच आपले आईबाप, या समजुतीनं तो तिकडे पाठ फिरवतो. तीन रस्ते मिळतात तिथं भांडणात एका म्हाताऱ्याला मारतो, थीब्जचा राजा होतो, विधवा राणीशी लग्न करतो. नाटक सुरू होतं तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं. नाटकात घडतो तो फक्त शोध.

वर्गात राणी योकास्ताचं बोलणं वाचताना सरांचा आवाज अडला. ती सांगते, मूल जन्मून तीन दिवसही झाले नव्हते, तोच लायसनं त्याचे घोटे जखडले आणि दुसऱ्यांच्या हातून त्याला निर्जन डोंगरावर टाकून दिलं.

"दुसऱ्यांच्या हातून," ते मला म्हणाले. "मॅडम, तिथं मूल टाकूनही टळलं नाही. मग लांब राहून काय मिळणार आहे? आणि जवळ जाऊन तरी?"

इथे माझी चूक झाली. मी लगेच धीर द्यायला धावले. पावसात घसरणाऱ्या गाड्यांचं उदाहरण दिलं, मूळ नक्षत्रावरच्या मुलांचे किती बाप म्हातारे होऊन सुखानं जगतात ते सांगितलं, भाकितं अशी खरी होत नसतात म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "योकास्तासुद्धा हेच म्हणते."

त्या रात्री मी नाटक पुन्हा वाचलं. माझ्या अभ्यासक्रमात इडिपस फ्रॉइडबरोबर आला होता, मुलाच्या मनातली गाठ म्हणून. बापाच्या मनातल्या गाठीबद्दल तिथं मला कुणी काही शिकवलं नव्हतं. आणि सर म्हणत होते ते अगदी खरं होतं. योकास्ता नवऱ्याला धीर द्यायला सांगते, की भाकितांचं काही मनावर घेऊ नका. लायसला म्हणे मुलगा मारणार होता, आणि मारलं कुणी, तर तीन रस्ते मिळतात तिथं परक्या लुटारूंनी. नेमक्या त्या तीन रस्त्यांच्या उल्लेखानं इडिपसच्या पोटात गोळा येतो. घाईनं दिलेल्या दिलाशानंच भीतीला पत्ता मिळतो. समुपदेशन शिकणाऱ्या प्रत्येकानं हा प्रवेश वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या भेटीत मी आधी चूक कबूल केली. मग म्हटलं, "सर, या नाटकात भाकीत खोटं ठरतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते खरंच ठरतं. पण ते कुणामुळे खरं ठरतं, ते बघू या का?"

शिकवणारा माणूस तो, लगेच सरसावून बसला. अथेन्समध्ये अक्रॉपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससच्या नाट्यगृहात बसलेल्या लोकांना इडिपसची कथा आधीच माहीत होती. आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्यांना कीचकाचं काय होणार हे माहीत असतं, तसं. भाकीत त्या प्रेक्षकाला पात्रांच्या पुढे नेऊन बसवतं. इडिपस लायसच्या खुन्याला शाप देतो तेव्हा तो स्वतःलाच देतोय हे साऱ्या प्रेक्षकांना कळतं, एकट्या त्याला सोडून. हा कवीच्या हातातला धागा आहे. कवी बदलला की भाकीतही बदलतं, हे सरांनीच मला दाखवलं. एस्किलस या दुसऱ्या ग्रीक नाटककारानं ख्रिस्तपूर्व 467 मध्ये याच घराण्यावर नाटकं केली. त्यातलं थीब्जवर चालून आलेल्या सात सेनानींचं नाटक तेवढं आज उरलं आहे. त्यात अपोलो लायसला तीनदा सांगतो, की निपुत्रिक मर म्हणजे नगर वाचेल. म्हणजे तिथं इशारा आहे, अट आहे, लायसला वाट आहे. सोफोक्लिसनं ती अट काढून टाकली. एकच घर, एकच देव, आणि नियती दोन तऱ्हांची.

"तुमच्या घरची गोष्ट कुणी लिहून ठेवली आहे?" मी विचारलं. "तिचा शेवट माहीत असलेले प्रेक्षक कुठे बसले आहेत?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच बसलोय. पहिल्या रांगेत."

मला वाटतं तिथं काहीतरी सैल झालं. त्यांनी घरी काय चालतं ते नीट सांगितलं. बाळाला खोकला आला तरी ते स्वतःची नाडी बघायचे. जिन्यावर पाय अडखळला, दाढी करताना कापलं, की 'चरण' आठवायचा. ज्या दिवशी काहीच होत नसे तो दिवस मात्र कुठे नोंदला जात नव्हता. मी त्यांना एक वही घालायला सांगितली, फक्त काहीही न झालेल्या दिवसांची. असं मी अनेकांना सांगते. भीती आपले पुरावे स्वतः गोळा करते, दुसऱ्या बाजूचे आपल्यालाच करावे लागतात.

पण वहीनं हात पुढे होत नाहीत. त्यासाठी आम्ही परत नाटकाकडे गेलो, या वेळी हातांकडे. डोळे फोडून घेतलेला इडिपस बाहेर येतो. असं का केलंस, कुणी करायला लावलं, असं नाटकातला वृंद, म्हणजे कोरस, विचारतो. तो म्हणतो, ही दुःखं अपोलोनं आणली, अपोलोनंच; पण घाव घालणारा हात माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. या एका वाक्यात ग्रीकांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसलेली नाही. जन्मवेळ तुमच्या हातात नव्हती. घसरलेली गाडीही बहुधा नव्हती. बाटली कुणाच्या हातून द्यायची, हे होतं.

हे म्हणताना मी एका गोष्टीची काळजी घेतली. इडिपस हट्टी, रागीट, म्हणून त्याला शिक्षा झाली, असं सरळ करून टाकलेलं मला पटत नाही. ॲरिस्टॉटल अशा नायकाच्या पतनामागे चूक बघतो, दुष्टपणा नाही. आणि सोफोक्लिसनंच आयुष्याच्या अखेरीस म्हाताऱ्या इडिपसवर दुसरं नाटक लिहिलं, कोलोनसमधलं. ते त्याच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आलं. त्यात इडिपस म्हणतो, माझी कृत्यं मी केली त्यापेक्षा सोसली अधिक. सर एकदा रडले, "सात महिने मी बाप असूनही नव्हतो" म्हणून, तेव्हा मी त्यांना हे वाक्य वाचून दाखवलं. भीतीनं गोठलेल्या माणसाला वर अपराधाचं ओझं देणं मला कधी जमलेलं नाही, आणि जमू नये.

त्या नातेवाइकाबद्दलही आम्ही बोललो. सोफोक्लिसच्याच 'एजॅक्स'मध्ये कालखास हा द्रष्टा आहे. एजॅक्स या योद्ध्यावर अथेने देवीचा कोप आहे, तो फक्त आजच्या दिवसापुरता, हे त्याला दिसतं. तो सभेतून उठतो, एजॅक्सच्या भावाचा हात प्रेमानं हातात घेतो आणि सांगतो, आजचा दिवस त्याला तंबूतून बाहेर जाऊ देऊ नका, एकटं सोडू नका. निरोप उशिरा पोचतो, एजॅक्स तंबूतून निघून गेलेला असतो, आणि तो सापडतो तोवर त्यानं जीव दिलेला असतो. पण सांगायची ही रीत मी विसरू शकत नाही. भीतीला मुदत घातलेली, काय करायचं ते सांगितलेलं, हात हातात घेतलेला. उशाशी बसून "जपून राहा" म्हणण्यात यातलं काय होतं?

पुढचे दोन महिने कामाचे होते, त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. पहिल्या आठवड्यात बायकोच्या मांडीवरच्या बाळाच्या पाठीवर नुसता हात ठेवायचा. मग बाटली स्वतः द्यायची. मग आंघोळीनंतर पंच्यात घ्यायचं. धडधड वाढली तरी हात काढायचा नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. दोनदा त्यांनी मध्येच सोडलं, दोनदा पुन्हा सुरू केलं.

तेवढ्यात वर्गात नाटक शेवटाला आलं होतं. आंधळा राजा आपल्या मेहुण्याकडे, क्रेऑनकडे, एक मागणं मागतो, माझ्या मुलींना मला हातांनी स्पर्श करू द्या. क्रेऑननं त्यांना आधीच बोलावून घेतलेलं असतं, आणि त्यांचं रडणं इडिपसला ऐकू येतं. "तो भाग मी न अडता वाचला," सर म्हणाले. "फारसं समजावलं नाही. मुलांना नुसता ऐकवला."

शेवटच्या भेटीला ते बाळाला घेऊनच आले, कडेवर. मी बघितलं, पायात वाळे नव्हते. विचारलं तर म्हणाले, "परवा पायमोजे घालताना दिसलं, वाळे घट्ट झालेत. घोट्यावर वळ उठला होता. मीच काढले, जरा तेल लावलं."

बाळानं माझ्या टेबलावरचं पेन तोंडात घातलं आणि त्यांनी ते अलगद काढून घेतलं.