नाशिकजवळच्या आशेवाडीचा रामशेज किल्ला मोगलांशी खरंच साडेपाच वर्षं लढला का?

किल्ला वर्षानुवर्षं हाती लागला नाही हे खरं, पण सलग साडेपाच वर्षं वेढा होता असं नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाने आधी शहाबुद्दीन खानाला पाठवलं, तो हटला. मग बहादूरखान कोकलताश आला, तोही हात हलवत परत गेला. मधे वेढा उठला आणि शेवटी किल्ला गेला तो फितुरीने, तोफांनी नाही.

मराठ्यांच्या बाजूच्या दंतकथा सोडा, हे मोगलांचाच इतिहासकार खाफीखान लिहून ठेवतो. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या करून वर कातडं मढवलं. त्याहून मजेशीर किस्सा मांत्रिकाचा: भुतं वश आहेत म्हणून त्याने बहादूरखानाकडून सोन्याचा नाग करवून घेतला, तो हातात धरून फौजेपुढे चालू लागला. गडावरून गोफणीचा धोंडा छातीवर बसला आणि नाग एकीकडे, बुवा दुसरीकडे!

किल्लेदाराचं नाव मात्र व्हॉट्सॲपवर येतं तसं डोळे झाकून घेऊ नका. बाकी नाशिकहून पेठ रस्त्याने गाव अर्ध्या तासावर आहे, गड चढायलाही सोपा. वर जाऊन पाहिलंत की एवढ्याशा टेकाडाने काय केलं ते कळेल.