बॉन्डचं वय नका विचारू, साल विचारा

यावेळच्या टपालात (पत्रं कमी, व्हॉट्सअॅपच जास्त) निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच माणसाबद्दल निघाले, जेम्स बॉन्ड. मे महिना आहे, नागपुरात दुपारी बाहेर पाय टाकवत नाही, मग कूलरसमोर बसून लोक एकामागून एक बॉन्डचे पिक्चर लावून राहिले आणि डोक्याला ताप करून घेऊन राहिले की याच्यात आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, यावेळी फक्त डबल-ओ-सेव्हन.

भाऊ, मी आणि माझा रूममेट बॉन्डचे सगळे २५ पिक्चर एक्सेल शीटमध्ये टाकून राहिलो, कोणता कधी घडतो ते. पण १९६२ ला तो बत्तीसचा धरला तर २००२ ला बहात्तरचा होतो आणि तरी बर्फावर गाडी पळवून राहिला. शीट कुठं चुकली?
*इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड*

शीट बरोबर आहे बाबू, फक्त 'बॉन्डचं वय' हा कॉलम उडव. १९६२ च्या 'डॉक्टर नो' पासून २००२ च्या 'डाय अनदर डे' पर्यंत वीस पिक्चर आले, पाच हिरो झाले, आणि बहुतेक प्रत्येक पिक्चर ज्या साली थिएटरला लागला त्याच साली घडतो. मागचं जग कॅलेंडरप्रमाणे पुढं सरकतं, माणूस मात्र चाळिशीच्या आसपासच अडकलेला. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला मारबत निघते ना, तसं समज. काळी आणि पिवळी मारबत (बाईचे पुतळे) दरवर्षी नवी बनवतात, जाळतात, पुढच्या वर्षी परत निघते, आणि महालात गर्दीत उभा असलेला कोणीच विचारत नाही की हीच का ती मागच्या वर्षीची. बडगे (सोबतचे पुतळे) मात्र दरवर्षी वेगळे, त्या वर्षी जे गाजलं त्याचे. इथं बॉन्ड ही मारबत आणि व्हिलन म्हणजे बडगे.

बघ ना, १९७७ च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी' च्या शेवटी पाटी येते की पुढचा पिक्चर 'फॉर युवर आईज ओन्ली', पण त्याच साली 'स्टार वॉर्स' ने धुमाकूळ घातला, मग निर्मात्यांनी बेत बदलला आणि १९७९ ला आला 'मूनरेकर', त्यात बॉन्ड थेट अंतराळात, तेही खरं स्पेस शटल उडायच्या दोन वर्षं आधी. १९८७ च्या 'द लिव्हिंग डेलाइट्स' मध्ये अफगाणिस्तानात रशियन फौजा आहेत कारण तेव्हा त्या खरंच तिथं होत्या. १९९५ च्या 'गोल्डनआय' पर्यंत सोव्हिएत युनियनच उरलं नाही तर बॉन्डला त्याच्या नव्या बॉसकडून ऐकून घ्यावं लागतं की तू शीतयुद्धातला उरलेला अवशेष आहेस. आता गंमत अशी की 'गोल्डनआय' ची सुरुवात नऊ वर्षं आधीची आहे, म्हणजे १९८६, आणि तिथं पिअर्स ब्रॉस्नन आधीच डबल-ओ-सेव्हन. पण १९८५ मध्ये पडद्यावर रॉजर मूर होता, ५७ वर्षांचा, आणि १९८७ मध्ये टिमोथी डाल्टन. (खऱ्या आयुष्यात १९८६ ला ब्रॉस्ननलाच रोल मिळत होता, टीव्ही सिरियलच्या करारात अडकला म्हणून हुकला.) आणि हो, मूर हा शॉन कॉनरीनंतर आला पण वयाने त्याच्याहून जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता, त्यामुळे हिरोच्या चेहऱ्यावरून वय काढायला गेलास तर बॉन्ड मध्येच उलटा चालायला लागतो.

मग काही धागाच नाही का, तर आहे, एकच आहे पण पक्का आहे. ट्रेसी. १९६९ च्या 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' मध्ये बॉन्ड लग्न करतो आणि लग्नाच्याच दिवशी बायकोला गोळी लागते. तेव्हा बॉन्ड होता जॉर्ज लॅझनबी. १९७७ ला रशियन एजंट आन्या त्याची फाइल तोंडपाठ म्हणून दाखवते, एकदाच लग्न, बायकोचा खून, आणि मूरचा बॉन्ड तिला मध्येच थांबवतो. १९८१ ला तोच मूर ट्रेसीच्या कबरीवर फुलं घेऊन जातो आणि दगडावर साल कोरलेलं आहे, १९४३ ते १९६९. १९८९ ला डाल्टनच्या वेळी मित्र फेलिक्स आपल्या नव्या बायकोला सांगतो की याचंही एकदा लग्न झालं होतं, फार वर्षांपूर्वी. तीन वेगवेगळे चेहरे पण बायको एकच. हे लोक गॅजेट विसरतात, शिक्षण विसरतात ('यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' मध्ये केंब्रिजला पौर्वात्य भाषांमध्ये फर्स्ट क्लास मिळवल्याचं सांगणारा माणूस तीस वर्षांनी चिनी कीबोर्डसमोर गप्प उभा राहतो), पण ट्रेसीला विसरत नाहीत. तर तुझ्या शीटमध्ये वयाच्या जागी 'याला ट्रेसी आठवते का' असा कॉलम घाल.

आणि २००६ पासून नवीन शीट उघड. 'कॅसिनो रोयाल' मध्ये डॅनियल क्रेगचा बॉन्ड आत्ता कुठं डबल-ओ (जीव घ्यायचा परवाना असलेला एजंट) होतो, त्याच्या आयुष्यात ट्रेसी नाहीच, तिथं त्याची प्रेयसी व्हेस्पर आहे, जिची कबर शेवटच्या पिक्चरमध्ये दिसते. हे पाच पिक्चर खरंच एका रांगेत बसतात, 'क्वांटम ऑफ सोलेस' तर आधीचा पिक्चर संपला तिथूनच सुरू होतो. माझी कुरकुर फक्त एक, २००८ पर्यंत नवशिका असलेला पोरगा २०१२ च्या 'स्कायफॉल' मध्ये एकदम थकला भागला, रिटायर व्हायला आलेला दाखवला, मधली ऐन उमेदीची वर्षं कुठं गेली ते कोणी सांगत नाही.

'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस' मध्ये बॉन्ड आणि त्याचा मोठा शत्रू ब्लोफेल्ड समोरासमोर येतात. पुढच्याच पिक्चरमध्ये बॉन्ड नुसता चष्मा लावून त्याच्या अड्ड्यावर जातो आणि तो ओळखतच नाही. हे काऊन?
*एक जुने शौकीन, धरमपेठ*

काका, हा प्रश्न म्हणजे बॉन्डवाल्यांचं जुनं दुखणं आहे आणि याचं उत्तर पडद्यावर नाही, पुस्तकांच्या कपाटात आहे. बॉन्डचा लेखक इयन फ्लेमिंगने 'थंडरबॉल' लिहिलं १९६१ ला, लग्नाचं पुस्तक १९६३ ला आणि जपानचं ('यू ओन्ली लिव्ह ट्वाइस') १९६४ ला. त्या क्रमात सगळं सरळ आहे. लग्नाच्या पुस्तकात दोघं पहिल्यांदाच भेटतात म्हणून बॉन्ड खोट्या नावाने जाऊ शकतो, मग ब्लोफेल्ड ट्रेसीला मारतो आणि पुढच्या पुस्तकात बॉन्ड जपानमध्ये त्याचा सूड घेतो. पिक्चरवाल्यांनी जपान आधी काढलं १९६७ ला आणि लग्न नंतर १९६९ ला, आणि वरून दिग्दर्शक पीटर हंटने ठरवलं की पुस्तकाला धरून करायचं, म्हणजे पुस्तकातली पहिली भेट पिक्चरमधली दुसरी भेट झाली.

तुम्हाला समजूत घालायचीच असेल तर दोघांचेही चेहरे बदलले होते असं म्हणा, बॉन्डचा कॉनरीचा लॅझनबी झाला आणि ब्लोफेल्डचा डोनाल्ड प्लेझन्सचा टेली सॅव्हालस. बिचाऱ्याने ओळखायचं तरी कसं. पण मला याच्याहून जास्त टोचतं ते १९७१. कॉनरी परत आला, 'डायमंड्स आर फॉरएव्हर' च्या सुरुवातीला ब्लोफेल्डला जगभर शोधत फिरतो, आणि ट्रेसीचं नावसुद्धा घेत नाही. सूडाचा पिक्चर व्हायला पाहिजे होता तो, झाला लास व्हेगसची मौजमजा.

त्यानंतर ब्लोफेल्ड गायब होतो त्याचं कारण तर कोर्टात आहे. 'थंडरबॉल' ची गोष्ट फ्लेमिंगने एकट्याने रचली नव्हती, निर्माता केव्हिन मॅक्लोरी वगैरे मंडळींसोबत आधी पटकथा म्हणून लिहिली होती, त्यावरून दावा झाला आणि पिक्चरचे हक्क मॅक्लोरीकडे गेले, त्याच्याबरोबर स्पेक्टर (ब्लोफेल्डची टोळी) आणि ब्लोफेल्डचंही भांडण लागलं. म्हणून १९८१ मध्ये कबरीच्या सीननंतर लगेच व्हीलचेअरवरचा एक टकला, मांडीवर पांढरी मांजर, बॉन्ड त्याला हेलिकॉप्टरने उचलून चिमणीत टाकतो पण त्याचं नाव कोणीच घेत नाही. घ्यायची सोय नव्हती. ते भांडण मिटलं २०१३ ला, आणि २०१५ ला लगेच 'स्पेक्टर' आला.

माझा साळा म्हणतो जेम्स बॉन्ड हे नुसतं कोडनेम आहे, जो नवीन एजंट येतो त्याला ते नाव देतात, म्हणून चेहरा बदलतो. दर रविवारी सावजी खाता खाता हाच वाद. तुम्हीच निकाल लावा.
*एक जावई, इतवारी*

निकाल तुमच्या बाजूने. साळ्याला म्हणा थिअरी ऐकायला छान आहे पण मग लॅझनबीच्या बायकोच्या कबरीवर मूर कशाला रडायला जाईल, ऑफिसची ड्युटी म्हणून? त्या दगडावर 'जेम्स बॉन्डची प्रिय पत्नी' असं लिहिलेलं आहे. लॅझनबीचाच पिक्चर घ्या, राजीनामा द्यायचा म्हणून तो ड्रॉवर रिकामा करतो आणि त्यातून कॉनरीच्या पिक्चरमधल्या वस्तू निघतात, 'डॉक्टर नो' मधल्या हनीचा सुरीवाला पट्टा, व्हिलन ग्रँटचं गळा आवळायचं घड्याळ, पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र. दुसऱ्याच्या ड्रॉवरमधला माल कोणी असा हळवा होऊन बघत बसत नाही. आणि 'स्कायफॉल' मध्ये तर स्कॉटलंडला आईबापाची कबरच आहे, आडनाव बॉन्ड. कोडनेमचे आईबाप कसे असतील?

साळा एक गोष्ट नक्की पुढं करेल, लॅझनबी पहिल्याच सीनमध्ये म्हणतो की त्या दुसऱ्या गड्यासोबत असं कधी झालं नव्हतं. तो प्रेक्षकांना मारलेला डोळा आहे, पुरावा नाही. तरी साळ्याला अगदीच पाडू नका, कोडनेमची पद्धत त्या ऑफिसात आहेच, पण ती एम (बॉन्डचा बॉस) आणि क्यूची (गॅजेट बनवणारा). ती पदं आहेत, खुर्चीवरचा माणूस बदलतो.

जुडी डेंच ब्रॉस्ननचीही एम आणि क्रेगचीही एम. मग सगळं एकच झालं ना? आणि ती चंदेरी गाडी?
*वाचक, कामठी*

बाई एक, रोल दोन. 'गोल्डनआय' मधली एम १९९५ ला लंडनमध्ये नवीन साहेब म्हणून आलेली आहे. 'स्कायफॉल' मधली एम हाँगकाँग चीनला परत द्यायच्या सुमारास, म्हणजे १९९७ च्या आसपास, तिकडं त्या पिक्चरचा व्हिलन सिल्व्हाची बॉस होती. एकच बाई दोन ठिकाणी कशी असेल. तिला का ठेवलं तर ती फारच चांगली होती म्हणून, याच्यापलीकडे कारण शोधायची गरज मला तरी वाटत नाही.

गाडीचं मात्र कोणी समर्थन करू शकत नाही. 'कॅसिनो रोयाल' मध्ये क्रेग अॅस्टन मार्टिन डीबी-फाइव्ह बहामात पत्त्यात जिंकतो, स्टिअरिंग डावीकडे. 'स्कायफॉल' मध्ये तो गॅरेज उघडतो तर स्टिअरिंग उजवीकडे, नंबरप्लेट 'गोल्डफिंगर' चीच, आत मशिनगन, आणि सीट उडवायच्या बटणावरून एमसोबत मस्करी. म्हणजे १९६४ ची कॉनरीची गाडी अशा बॉन्डकडे जो २००६ ला भरती झाला. २०१२ ला सिरीजला पन्नास वर्षं झाली होती, निर्मात्यांना थिएटरात टाळ्या पाहिजे होत्या आणि त्या मिळाल्यापण.

एकूण पिक्चर २५ की २७?
*मेसेजवरून*

मुख्य कंपनीचे २५. बाहेरचे दोन, १९६७ चा विनोदी 'कॅसिनो रोयाल' आणि १९८३ चा 'नेव्हर से नेव्हर अगेन', ज्यात कॉनरी परत आला आणि 'थंडरबॉल' चीच गोष्ट परत सांगितली, वर सांगितलेल्या मॅक्लोरीच्या हक्कांमुळे. दोन्ही टाइमलाइनच्या बाहेर ठेवा.

'ऑक्टोपसी' मध्ये उदयपूरला विजय अमृतराज पुंगीवर चक्क बॉन्डची ट्यून वाजवतो. बॉन्डच्या जगात ती ट्यून त्याला कुठून माहीत?
*वाचक, त्रिमूर्तीनगर*

याचं उत्तर कुठल्याच शीटमध्ये बसत नाही हो. बॉन्डलाही ती ओळखू येते हे अजून भारी.

दादा, मुलगा नववीत आहे, त्याला बॉन्ड दाखवायचा आहे. रिलीजच्या क्रमाने दाखवू की गोष्टीच्या?
*एक आई, वर्धा*

ताई, पंचवीस काही बसून दाखवू नका, मुलगा तिसऱ्यालाच मोबाइल काढेल. आधी 'गोल्डफिंगर' दाखवा, गाडी कुठून आली ते कळेल. मग १९६९ चा लग्नाचा, तो पूर्ण आणि न थांबता, शेवटचा सीन त्याला आधी सांगू नका. त्यानंतर 'फॉर युवर आईज ओन्ली', किमान पहिली पाच-सात मिनिटं, म्हणजे कबरीचा धागा त्याचा त्यालाच सापडेल. ब्लोफेल्डच्या प्रश्नाने डोकं खाल्लंच तर जपानचा मागून दाखवा. क्रेगचे मात्र क्रमानेच, २००६, २००८, २०१२, २०१५, २०२१, मध्ये उडी मारलीत तर २०२१ च्या 'नो टाइम टु डाय' मध्ये बॉन्ड मरतो त्याचं काही वाटणार नाही. 'कॅसिनो रोयाल' मध्ये खुर्चीला बांधून मारायचा एक सीन आहे, आधी तुम्ही एकट्याने बघून घ्या आणि मग ठरवा.

तो मेल्यावर पुढचा कसा येणार असं मुलगा विचारेलच. त्या पिक्चरच्या शेवटीसुद्धा नेहमीची पाटी आहे, जेम्स बॉन्ड परत येईल. २०२५ पासून क्रिएटिव्ह ताबा अॅमेझॉन एमजीएमकडे गेला आहे आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं, तेव्हा तिसरी शीट उघडायची तयारी ठेवायला सांगा त्याला.