जुनी दुनळी बंदूक, काळी दारू (धूर सोडणारी जुन्या पद्धतीची बंदुकीची दारू) आणि घरी काडतुसं भरणं: एकाच माणसाला हे तिन्ही छंद का लागतात?

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीसाठी हवेत फेकलेल्या तबकड्यांवर नेम धरतो, तेव्हा इथलंच सांगतो. माझ्या मते हे तीन छंद नाहीतच. जुनी बंदूक घरात आली की बाकीचे दोन तिच्यामागून येतात.

एकोणिसाव्या शतकातल्या बर्मिंगहॅमच्या दुनळीच्या नळ्या बघा. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्याभोवती गुंडाळून, तापवून ठोकून सांधलेल्या. वरची नागमोडी नक्षी कोरलेली नसते, ती त्या धातूचीच घडण असते. मला तासन्‌तास बघत बसावंसं वाटतं. पण अशा बहुतेक बंदुका काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने सुरू झालं. तिथे जास्त दाबाचे बार काढून नळ्या पारखतात आणि टिकल्या तर खाली शिक्के मारतात. बंदूक फक्त काळ्या दारूला पास आहे की आजच्या बिनधुराच्या दारूलाही, ते त्या शिक्क्यांवरून कळतं. तरीही नळीची झीज जाणकार बंदूक-कारागिराकडून मोजून घ्याच.

आता काडतूस. पुष्कळ जुन्या बारा बोअर (नळीच्या जाडीचं एक माप) बंदुकांचं घर, म्हणजे काडतूस बसतं तो नळीचा मागचा भाग, अडीच इंची, काडतुसाच्या मापात ६५ मिलिमीटरचं. दुकानात सर्रास मिळतं ते ७० चं. ते आत सहज बसतं, आणि धोका तिथेच आहे. बार उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उघडायला पुरेशी जागा उरत नाही आणि दाब चढतो. म्हणून योग्य लांबीचं, हलक्या दाबाचं काडतूस शोधा, नाहीतर स्वतः भरा. टोपी (ठिणगी पाडणारी), दारू, नमद्याची चकती, छर्रे, आणि तोंड बंद. मापं छापील कोष्टकातूनच घ्यायची, अंदाज चालत नाही. काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू त्याच मापाने कधीही नाही. पोलादी छर्रेही या नळ्यांत नकोत.

आणि बार! आवाज जड, धक्का कुणी तळहाताने ढकलावं तसा, समोर पांढरा धूर. वारा नसेल तर तबकडी फुटली की नाही तेही दिसत नाही. त्या गंधकाच्या वासासाठी मी थंडीपावसातही जातो. मात्र जळल्यावर या दारूचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात उरतो आणि ओल धरतो. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळ्या धुवून, कोरड्या करून तेल लावलं नाही तर गंज चढतो.

इथे दुनळीला शॉटगनचं प्रमाणपत्र लागतं, काळ्या दारूला वेगळं. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. कोकणात पिकांच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने असतात, पण परवान्याशिवाय घरी काडतुसं भरणं तिथे गुन्हा ठरेल. ब्रिटनमध्ये असाल तर १९५२ साली स्थापन झालेल्या मझल लोडर्स असोसिएशनच्या (ठासणीच्या बंदुकांच्या हौशींची संघटना) जवळच्या शाखेत जा आणि आधी जुन्या सभासदाच्या देखरेखीखाली बार काढून बघा. बंदूक त्यानंतर घ्या.