बाप्पाच्या डोक्यावरचं पपनस

प्रिय मनू,

व्हिडिओ कॉलवर कुडाळच्या घरची माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बघून तू विचारलंस, "एवढं मोठं फळ बाप्पाच्या डोक्यावर टांगतात, पडलं तर?" आजी इतकी हसली की उत्तर राहूनच गेलं.

नाही पडत. पपनस झाडावरून काढतानाच देठाला फांदीचा तुकडा ठेवतात, दोन-चार पानांसकट. त्या फांदीला केवणीच्या, म्हणजे एका रानझाडाच्या, सालीचा दोर बांधायचा आणि माटवीच्या पट्टीला दोनदा वेढा देऊन गाठ मारायची. आपल्याकडे हे काम काकाचं. तो गाठ मारून झाली की फळाला लोंबकळल्यासारखं करून बघतो आणि आजीचा ओरडा खातो. शिवाय नारळाची पेंड म्हणजे घड, भोपळा, पपनस असा जड माल कडेला. मध्ये आंब्याचे टाळे, शेरवडं, लालभडक कवंडळं अशी रानातली फुलं-फळं.

माटवीत भाद्रपदात परसात आणि रानात जे जे येतं ते बाप्पापुढे मांडायचं असतं. मुलांना झाडं ओळखता यावीत म्हणून ही प्रथा पडली, असं हल्ली सांगतात. मला ते मागाहून चिकटवलेलं वाटतं. पीक आलं, आधी देवाला दाखवलं, एवढंच. पण पपनसाला मान का, हे मी सांगू शकतो: त्याची साल. बोटभर जाड, आत पांढरी, कापसासारखी. केळी चार दिवसांत काळी पडून गळायला लागतात, पपनस विसर्जनापर्यंत जसंच्या तसं.

झाड विहिरीपाशी आहे, पुढच्या खेपेला पान नीट बघ. देठालाच छोटं पान फुटल्यासारखं दिसतं, एकावर एक दोन पानं जोडल्यागत. काटे असतात, जपून. आणि तू सकाळी पितोस तो ऑरेंज ज्यूस ज्या फळाचा, ते पपनस आणि मँडरिन (संत्र्याच्या जातीचं छोटं फळ) यांच्या संकरातून आलेलं आहे. म्हणजे हे त्याचं आजोबाच!

खायचं मात्र सोलून, फोडीवरचं कडू पापुद्रंही काढून. मग मीठ आणि लाल तिखट. आमच्या लहानपणी अर्धी साल टोपी म्हणून डोक्यावर जायची. तुझ्या आजोबांना मात्र फोड द्यायची नाही. त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीशी ते जमत नाही, डॉक्टरांनी बजावलंय.

इथे टोरोंटोत पपनस कुठे मिळणार, म्हणू नकोस. चिनी लोकांचा चंद्राचा सण बहुतेक वर्षी भाद्रपदी पौर्णिमेलाच येतो आणि त्यांनाही त्या दिवशी पपनस लागतं. 2024 साली तर अनंत चतुर्दशी आणि तो सण एकाच दिवशी होते, 17 सप्टेंबरला. त्यामुळे ऐन गणपतीत चिनी दुकानात जाळीत बांधलेल्या पपनसांची रास असते. शनिवारी जाऊ. सारख्या आकाराची दोन हातात घेऊन बघ, जे जड लागेल ते उचल. दोराचं मी बघतो.

तुझा,
बाबा