कुंपणाअलीकडचे अजाणपण

प्रश्न : नाझी छळछावणीच्या कुंपणापलीकडच्या ज्यू मुलाशी जर्मन अधिकाऱ्याचा मुलगा मैत्री करतो आणि त्याला छावणीविषयी काहीच ठाऊक नसते, असे कथानक कितपत पटण्याजोगे मानावे?

उत्तर : मैत्री पटते, अजाणपण पटत नाही. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यू मुलांना जर्मनीतील सरकारी शाळांतून काढून टाकण्यात आले आणि सप्टेंबर १९४१पासून सहा वर्षांच्या ज्यू मुलालाही कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले, त्यामुळे नऊ-दहा वर्षांच्या जर्मन मुलाला, त्यातही अधिकाऱ्याच्या घरातल्या, द्वेषाचे धडे शाळेतच मिळालेले असत. शिवाय ऑशवित्झ या नाझी छळछावणीत आणलेल्या बहुतेक लहान ज्यू मुलांना, ती श्रमाला निरुपयोगी म्हणून, पोहोचताच वायुकक्षात मारले जाई. कुंपणाशी रोज गप्पांना येणारा मुलगा ही लेखकाची सोय आहे. माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. अशा कथेच्या शेवटी वाचक रडतो तो बहुधा चुकून छावणीत सापडलेल्या जर्मन मुलासाठी, आणि ज्याच्यासारख्यांना मारण्यासाठीच ती छावणी उभारली होती, तो मुलगा निमित्तापुरता उरतो. त्यापेक्षा वर्गातला एक बाक रिकामा होतो आणि शेजारचा मित्र, बरेचसे समजूनही, नजर चुकवतो, एवढेच सांगणारी कथा मला अधिक खरी वाटते.