गुन्ह्याचं जीवशास्त्र शिकायला बाहेर जाताना

तू लिहिलंयस की देवनारला टिसमधलं (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं) एमए संपत आलंय, गुन्ह्याच्या जैविक कारणांवर मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेन करतात तसं काम करायचंय, पण इंग्लंडला मास्टर्स करू की थेट अमेरिकेत पीएचडी, हे ठरत नाहीये. आणि बाबा म्हणतायत, डोंबिवलीचं घर गहाण टाकून लोकांची डोकी तपासायला कशाला जायचं!

घर गहाण टाकू नकोस, एवढं बाबांचं ऐक. अमेरिकेत बऱ्याच चांगल्या विभागांत पीएचडीला फी माफ होते आणि वर दरमहा पैसे मिळतात, त्याबदल्यात शिकवायचं, पेपर तपासायचे. मास्टर्सला हे क्वचितच. ऑफर आली की पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे का, ते विचार. शिक्षणानंतर बारा महिने काम करता येतं, स्टेम असेल तर आणखी चोवीस.

विभागाच्या पाटीवर 'क्रिमिनॉलॉजी' (गुन्हेगारीशास्त्र)च हवं हा हट्ट सोड. रेन यांची पीएचडी यॉर्कची, मानसशास्त्रातली. (त्याआधी ते विमान कंपनीत हिशेब लिहायचे!) मग इंग्लंडच्या तुरुंगात चार वर्षं मानसशास्त्रज्ञ, १९८७ला लॉस एंजेलिस आणि २००७पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. सगळ्यांना आठवतो तो त्यांचा १९९७चा अभ्यास: ४१ खुनी, ४१ इतर, आणि खुन्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागाचं काम मंद. पण ते सगळे खुनी कोर्टात वेडसरपणाचा बचाव घेणारे होते, म्हणजे आधीच वेगळे निवडलेले, सर्वसाधारण खुनी नव्हेत. मला विचारशील तर त्यांचं मॉरिशसमधलं काम जास्त मोलाचं. तिथे तीन वर्षांच्या १,७९५ मुलांपासून सुरुवात झाली. त्यांतल्या काहींना दोन वर्षं चांगला आहार, व्यायाम, शिक्षण मिळालं, आणि तेविशीत त्यांच्यात गुन्हे कमी दिसले. जैविक म्हणजे जन्मजात नव्हे, हे त्यातून कळतं.

रोजचं काम मात्र कंटाळवाणं. माझी पहिली दोन वर्षं हाताचा घाम आणि हृदयाचे ठोके मोजण्यात गेली. त्वचेवर चिकटवलेला एक इलेक्ट्रोड सुटला की अख्खी दुपार पाण्यात. कैद्यांवर अभ्यास करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी यायलाच महिनोन्महिने लागतात. म्हणून आत्तापासून संख्याशास्त्र आणि त्यासाठीची 'आर' ही संगणकभाषा शिक. अर्जात गाईडला तेच दिसलं पाहिजे.

आता खरं बोलायचं ते. तुझ्या एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या हेतुपत्रात, पारधी वस्त्यांमधून जैविक तपासणीसाठी लाळेचे नमुने घेण्याची कल्पना आहे. अगं, १८७१ला आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे याच लोकांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं गेलं आणि १९५२ला तो शिक्का गेला तरी चोरी झाली की पोलीस आधी त्यांच्याच पालावर जातात. म्हणजे तुझ्या आकड्यांत गुन्हा किती आणि पोलिसांची सवय किती, हे वेगळं कसं काढणार? लाळ याचं उत्तर देणार नाही. परदेशातल्या प्राध्यापकाला ही कल्पना कदाचित आकर्षकही वाटेल, म्हणून तर जास्त भीती.

बरेच अर्ज डिसेंबरात बंद होतात. ऑक्टोबरपर्यंत तो परिच्छेद काढून एसओपी पाठव, मी वाचते.