लॅब्रॅडॉरच्या सांधेदुखीवर आणि फटाक्यांच्या भीतीवर सीबीडी तेल द्यावं का?

तुमचा ११ वर्षांचा, ३० किलोचा लॅब जिना चढताना कुरकुरतो, दिवाळीत पलंगाखाली शिरतो आणि सोसायटीतल्या कुणीतरी ३०० मिलिग्रॅमची सीबीडी (भांगेच्या झाडातला एक घटक) तेलाची बाटली सुचवलीय, 'रोज पाच थेंब'. उपयोग होईल का आणि नशा चढेल का, असं विचारलंय तुम्ही. मी व्हेट नाही. मेडिकलचं दुकान आहे आणि घरी म्हातारी लॅब्रॅडॉर आहे, त्यामुळे हा प्रश्न काउंटरवरही येतो आणि घरातही.

लोक हे तेल का देतात ते समजण्यासारखं आहे. मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेनसारख्या गोळ्या दुखणं खरंच कमी करतात, पण महिनोन्‌महिने दिल्या की पोट, किडनी, लिव्हर यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) जरा वर सरकलं की मालक घाबरतो आणि 'वनस्पतीचं काहीतरी' शोधायला लागतो. (काही जण त्याआधी घरातली आयबुप्रोफेन देऊन मोकळे होतात. कुत्र्याला ती विषासारखी आहे, कृपा करून देऊ नका.)

सांधेदुखीबाबत सीबीडी अगदीच थोतांड नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने २०१८ मध्ये सांध्यांचा आजार असलेल्या १६ कुत्र्यांवर अभ्यास केला. दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, चार आठवडे दिल्यावर दुखणं कमी झालं आणि हालचाल वाढली. अभ्यास छोटा आहे, पण प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसशी, ताडून पाहिलेला आहे.

आता हाच डोस तुमच्या बाटलीला लावून बघा. ३० किलोला एका वेळी ६० मिलिग्रॅम लागतात. ३० मिलीच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत १०. एका वेळेला ६ मिली, दिवसाला १२. अडीच दिवसांत बाटली संपली! आणि पाच थेंबांत किती जातं? साधारण वीस थेंबांचा एक मिली धरला तर अडीच मिलिग्रॅम. म्हणजे अभ्यासातल्या एका वेळच्या डोसचा चोविसावा हिस्सा. एवढ्याने कुत्र्याचं बिघडणार नाही, पण सुधारणार तरी काय? तरीही पाच थेंबवाले छातीठोकपणे सांगतात, "आमच्या ब्रूनोला फरक पडला." ते खोटं बोलत नाहीत. सांधेदुखी मुळातच कमी-जास्त होत असते आणि वाईट आठवड्यात औषध सुरू केलं की पुढचा आठवडा बरा वाटतोच. शिवाय मोजमाप करणारा मालकच असतो, पैसे भरलेला.

बाटलीचं लेबल मागून वाचा. एका गिऱ्हाइकाने आणलेल्या बाटलीवर पुढे ठसठशीत 'हेम्प ऑइल' होतं आणि मागे बारीक अक्षरात 'सीड'. हेम्प म्हणजे भांगच, पण तिच्या बियांच्या तेलात सीबीडी जवळपास नसतंच. उत्तराखंडात भांगेच्या बियांची चटणी लोक रोजच्या जेवणात खातात, त्यातलाच तो प्रकार.

फटाक्यांसाठी मात्र मी सीबीडीवर भरवसा ठेवणार नाही. अमेरिकेतल्या केंटकीत २०२० मध्ये कुत्र्यांना फटाक्यांचे आवाज ऐकवून पाहिलं, तेव्हा सीबीडीच्या खाऊने भीती कमी झाली नाही, ट्रॅझोडोन या शांत करणाऱ्या औषधाने झाली. २०२३ च्या एका अभ्यासात किलोमागे ४ मिलिग्रॅमचा एकच डोस दिल्यावर एकटं राहण्याचा आणि गाडीत बसण्याचा ताण थोडा कमी दिसला, पण लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची सुतळी बॉम्बची माळ हे प्रकरण वेगळं. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी व्हेटला गाठा आणि त्या रात्रीसाठीचं औषध लिहून घ्या. आयत्या वेळी कुणी फोन उचलत नाही.

दुष्परिणाम म्हणाल तर सुस्ती, पातळ शी, कधी उलटी. कॉर्नेलच्या कुत्र्यांच्या रक्तात एएलपी हे लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं दिसलं, म्हणून सुरू करण्याआधी आणि महिन्याभराने लिव्हरची तपासणी करून घ्या. फिटसाठी फिनोबार्बिटोन चालू असेल तर व्हेटला न विचारता अजिबात नको. दोन्ही लिव्हरमध्येच मोडतात आणि फिनोबार्बिटोनने एएलपी वाढतंच, मग कशाने काय झालं ते कळत नाही.

नशा सीबीडीने चढत नाही, भांगेतल्याच टीएचसी या दुसऱ्या घटकाने चढते. अडचण अशी की आपल्याकडे या बाटल्या बऱ्याचदा 'विजया अर्क' (विजया म्हणजे भांग) म्हणून आयुर्वेदिक परवान्यावर येतात आणि काहींत टीएचसीही असतं. माणसाला जेमतेम जाणवेल एवढं टीएचसी कुत्र्याला पुरून उरतं. त्यामुळे दोन्हींचे आकडे सांगणारा त्याच बॅचचा लॅब रिपोर्ट मागा; दुकानदार टाळाटाळ करत असेल तर परत फिरा. माणसांसाठीच्या गमी (चघळायच्या गोळ्या) तर नकोतच, त्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ असू शकतो आणि तो कुत्र्याच्या जिवावर बेततो.

टीएचसी जास्त गेलं की कुत्रा उभ्या उभ्या झुलतो, बाहुल्या मोठ्या होतात, टाळी वाजवली तरी दचकतो आणि नकळत थेंब थेंब शू गळते. असं दिसलं तर बाटली घेऊन थेट व्हेटकडे जा आणि काय दिलंय ते खरं सांगा. लाजून "रस्त्यावर काहीतरी खाल्लं असेल" म्हणालात तर डॉक्टर उंदराच्या औषधापासून शोधायला लागतात.